चीनचा तज्ज्ञ आणि तांदळाची पोती

चोआ चू कांग, सिंगापूर
२१ सप्टेंबर २००८

प्रिय विनीताताई,

तुझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझ्या मराठीचे नुसते चौकोन उमटतात, तेव्हा कागदावर लिही, असं तू कळवलंस आणि मी पेन शोधायला लागलो. घरात तीन सापडली. तिन्ही लिहीनात. शेवटी मैत्रेयीच्या दप्तरातलं उचललं, म्हणून हे पत्र जांभळं आहे. शेहेचाळीस वर्षांच्या माणसानं चीनच्या निर्यातीबद्दल जांभळ्या शाईत लिहू नये, पण इलाज नाही.

रविवारी सांगलीला मावशीला फोन केला होता. तिनं सरळच विचारलं, "माझी विनीता चीनमध्ये राहते, तू चीनवर लिहून पोट भरतोस, मग तुम्हा भावंडांना एकमेकांची खबर मला फोन करून का विचारावी लागते?" म्हणून हे पत्र.

मी काय करतो ते तुला मावशीनं फुगवून सांगितलं असेल. खरं असं आहे. आमची कंपनी जहाजांवर चढवायचे कंटेनर भाड्यानं देते. मालक मिस्टर क्वेक. दर पंधरा दिवसांनी मी एक पत्रक लिहितो, चीनमधून किती माल निघणार, त्याला किती कंटेनर लागणार, वगैरे. ते चारशे गिऱ्हाइकांना जातं, चार-दोन बँकाही वाचतात. त्यामुळे ऑफिसात मला 'चायना एक्स्पर्ट' म्हणतात. हा एक्स्पर्ट आयुष्यात एकदाच चीनला गेला आहे. शांघायला, तीन दिवस. त्यातले दोन हॉटेलच्या बाथरूममध्ये गेले.

गेल्या आठवड्यात अमेरिकेतली ती मोठी बँक बुडाली. इथं सगळे घाबरले आहेत. मी मात्र परवाच्या पत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं, की हे अमेरिकेचं दुखणं आहे, चीनला त्याची झळ लागणार नाही. क्वेकसाहेब खूष झाले.

तुझ्याकडे सगळं ठीक ना? तू नक्की काय करतेस ते मला अजून नीट ठाऊक नाही. लिही.

तुझा,
प्रबोध

डोंगग्वान, गुआंगडाँग
८ ऑक्टोबर २००८

प्रिय प्रबोध,

जांभळं पत्र पोचलं. फाटकावरच्या रखवालदारानं ते प्रेमपत्र समजून माझ्याकडे फार आदरानं बघितलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एवढं तरी माझ्या वाट्याला आलं.

मी काय करते विचारतोस. हाँगकाँगच्या एका एजन्सीसाठी माल तपासते. गेली चार वर्षं याच कारखान्याच्या आवारात एका खोलीत राहते. मालकाचं नाव लिआंग. इथं वॉफल करायची विजेची यंत्रं बनतात. वॉफल म्हणजे चौकटी पाडलेलं जाड घावन, अमेरिकेत लोक ते रविवारी पाक ओतून खातात. इथल्या सहाशे चाळीस कामगारांपैकी एकानंही ते कधी चाखलेलं नाही. मी चाखते, कारण खोक्यांच्या प्रत्येक थप्पीतलं एक यंत्र उघडून त्यात एक वॉफल करून बघावं लागतं. चार वर्षांत माझं वजन अकरा किलोंनी वाढलं. निर्यातीच्या वाढीतला माझा वाटा एवढाच.

तुझं पत्रक मी वाचलेलं नाही, पण झळ लागणार नाही हे तुला कुणी सांगितलं? मला आकडेवारी कळत नाही. मला खानावळीमागची तांदळाची गाडी दिसते. मे महिन्यात आठवड्याला छत्तीस पोती उतरत होती. आता तीस उतरतात. ओव्हरटाइम बंद झालाय. तुला वाटेल, बरं झालं, पोरींना विश्रांती. पण ओव्हरटाइम नसेल तर घरी पाठवायला काही उरत नाही, म्हणून त्या रडकुंडीला आल्यात. शिआओमेई नावाची एक लाइन-लीडर, म्हणजे जोडणीच्या रांगेची मुकादम आहे, हुनान प्रांतातली. तिनं मला चिनी शिकवलं, त्यामुळे माझं चिनी हुनानच्या खेडवळ वळणाचं आहे आणि दुकानदार मला हसतात. ती म्हणाली, "ताई, अमेरिकेतल्या लोकांनी नाश्ता करायचं सोडलं का?"

हा प्रश्न मी तुझ्याकडे पाठवते. तज्ज्ञ तू आहेस.

तुझी,
विनीताताई

चोआ चू कांग
२६ ऑक्टोबर २००८

प्रिय विनीताताई,

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो आणि मग तुला समजावून सांगायला बसलो. दोन पानं लिहिली. चीनची वाढ अजून नऊ टक्क्यांवर आहे, देशातली मागणी भक्कम आहे, सरकारच्या तिजोरीत अमाप पैसा आहे. आमच्या सौ. नीलिमानं ती पानं वाचली आणि म्हणाली, "यात तांदळाचं उत्तर कुठे आहे?" नव्हतं. पानं फाडली.

ऑफिसात आमचे कंटेनर बाहेर गेले किती ते मला रोज कळतं, पण ते महिन्यापूर्वी ठरलेले असतात. मेलेल्या ताऱ्याचा उजेड बघून मी हवामान सांगतो, असं आता वाटायला लागलंय. तू मात्र खिडकी उघडून बघतेस.

आणखी काय दिसतं? जे दिसेल ते लिही. बारीकसारीकही चालेल.

तुझा,
प्रबोध

डोंगग्वान
१३ नोव्हेंबर २००८

प्रिय प्रबोध,

बारीकसारीक विचारतोस तर ऐक. पोती एकोणीसवर आली आहेत.

ज्या अमेरिकन दुकानांच्या साखळीसाठी आम्ही नाताळचा माल बनवला, त्यांनी तो उचललाच नाही. फोन केला तर नुसतं संगीत वाजतं. चौदा हजार यंत्रं गोदामात पडून आहेत. मी ती सगळी 'उत्तम' म्हणून पास केली आहेत. इतका उत्तम माल इतक्या निरुपयोगी अवस्थेत मी कधी पाहिला नाही.

शेजारचे दोन कारखाने बंद झाले. एकाचा मालक माणसांना न सांगता पळाला. लिआंग तसा नाही. काम नाही म्हणून त्यानं लोकांना काढलं नाही, भिंती रंगवायला लावल्या. भिंती संपल्यावर गटारं साफ करून घेतली. आता झाडांना चुना लावणं चाललंय. मी विचारलं, "यानंतर काय?" तर म्हणाला, "यानंतर माझं डोकं."

सरकारनं रविवारी प्रचंड मोठी योजना जाहीर केली, रेल्वे, रस्ते, पूल. सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. लिआंग म्हणाला, "छान. आता रुळांवर वॉफल भाजू."

पुढचं कुणाला सांगण्यासारखं नाही, पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका जर्मन गिऱ्हाइकाची ऑर्डर जानेवारीत पक्की व्हायची आहे. तोवर बँकेला गोदामाची कुणकुण लागू नये म्हणून लिआंग धडपडतोय. वसंतोत्सवाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, प्रत्येकाच्या हातात पूर्ण पगार ठेवून स्वतः फाटकावर उभं राहून निरोप द्यायचा, एवढंच त्याच्या मनात आहे. मग पुढे काय व्हायचं ते होवो. हे त्यानं मला सांगितलं, कारण परक्या बाईला सांगायला सोपं जातं.

मीही बहुतेक त्याच कारणासाठी तुला सांगतेय. परका नाहीस, पण लांब आहेस.

विनीताताई

चोआ चू कांग
११ डिसेंबर २००८

प्रिय विनीताताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथं माझी अचानक चलती आहे.

काल चीनचे नोव्हेंबरचे आकडे आले. निर्यात घटली! सात वर्षांत पहिल्यांदा. सगळे तोंडावर पडले, आणि तुझा हा भाऊ, ज्याचा एकही अंदाज आजवर वेळेवर खरा ठरला नव्हता, तो एकटा उभा राहिला. मी दोन आठवडे आधीच लिहिलं होतं, की घसरण सुरू झाली आहे आणि ती खोल आहे. क्वेकसाहेबांनी मला जेवायला नेलं. हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर नाही, टेबलक्लॉथ असलेल्या हॉटेलात. मी सूप सांडलं, तरी ते हसले. सहा बँकांनी आकडे यायच्या आधीच पत्रक मागवून घेतलं होतं, एकीनं तर गुआंगडाँगमधल्या आपल्या लोकांना पाठवलं म्हणे.

लोक विचारतात, कसं ओळखलंत? मी म्हणतो, थोडा अभ्यास, थोडं नशीब. मैत्रेयी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "पा, यू सो लकी, ला." नीलिमा काही म्हणत नाही.

तुझ्याकडची खबर कळव. तांदळाचं काय?

तुझा,
प्रबोध

खोली क्र. ४, बाजारामागची गल्ली, डोंगग्वान
२३ डिसेंबर २००८

प्रबोध,

वरचा पत्ता उत्तरासाठी नाही. पोस्टाचा नियम म्हणून लिहिला आहे.

आठ तारखेला बँकेचे दोघे कारखान्यात आले. त्यांच्या हातात एक इंग्रजी कागद होता. लिआंगला इंग्रजी येत नाही. त्यानं मला बोलावलं आणि म्हणाला, "वाचून सांगा."

मी उभ्या उभ्या चिनीत सांगायला लागले. पर्ल नदीच्या मुखाजवळ वॉफल-यंत्रं बनवणारा एक कारखाना. खानावळीतला तांदूळ छत्तीस पोत्यांवरून एकोणीसवर. गोदामात चौदा हजार नग पडून. मालक लोकांकडून भिंती रंगवून घेतो आणि झाडांना चुना लावून घेतो. तिसऱ्या वाक्यापर्यंत मला कळलं नाही हे कुठलं आहे. चौथ्याला कळलं. पुढचा अर्धा कागद मी कसा वाचला ते मला सांगता येणार नाही.

वॉफल-यंत्रांचा या भागात एकच कारखाना आहे. तू नाव छापलं नाहीस, हे तू लिहिशील. लिहू नकोस.

बँकेला कळायलाच हवं होतं, हेही तू लिहिशील. असेल. पण ते तिनं स्वतःच्या पायांनी येऊन बघायचं होतं, माझ्या पत्रातून नव्हे.

कर्ज त्याच आठवड्यात थांबलं. वीस तारखेला फाटकावर जप्तीच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. पगाराचं सरकारनं बघितलं, मिळाला काही भाग, पण तो अनोळखी कारकुनानं टेबल मांडून वाटला. लिआंगला फाटकावर उभं राहू दिलं नाही. शिआओमेई गादी गुंडाळून पाठीला बांधून गेली. जाताना तिनं मला विचारलं, "ताई, तुम्ही आता कुठे जाणार?" मी म्हटलं, बघू.

तांदळाचं विचारलं होतंस. शून्य पोती.

विनीता

चोआ चू कांग
५ जानेवारी २००९

विनीताताई,

पत्ता उत्तरासाठी नाही, हे वाचूनही लिहितो आहे. तू सांगितलेल्या दोन्ही गोष्टी मी लिहिणार होतो. नेमक्या त्याच क्रमानं. इतकं मला कुणी ओळखून नसेल.

मला सांगायला काही नाही. तुझं पत्र माझ्या टेबलावर होतं, पत्रक द्यायला दोन तास उरले होते आणि माझ्याकडे लिहायला एक ओळ नव्हती. मी तुझी वाक्यं उचलली. त्या वेळी मला वाटलं, की तपशील किती जिवंत आहेत! एकदाही वाटलं नाही, की ते जिवंत आहेत कारण तिथं माणसं आहेत.

आणि वर तुलाच विचारलं, तांदळाचं काय? हा प्रश्न आठवला की मी जिथं असेन तिथं माझे कान गरम होतात. काल लिफ्टमध्ये झाले. शेजारच्या आजींनी विचारलं, ताप आहे का.

मला माफ कर असं म्हणायचा धीर होत नाही. पण म्हणतो.

प्रबोध

चोआ चू कांग
४ फेब्रुवारी २००९

ती. विनीताताईंस सा. न.

मी नीलिमा. आपण लग्नात आणि नंतर दोनदाच भेटलो, त्यामुळे हे पत्र आगाऊपणाचं वाटेल. यांची वकिली करायला लिहीत नाही. झालं ते वाईटच झालं, आणि मी ते यांना त्याच वेळी सांगायला हवं होतं. पत्रक वाचून मला शंका आली होती. मी गप्प बसले, कारण घरात पहिल्यांदाच हा माणूस शीळ घालत होता.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हे क्वेकसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हणाले, माहिती माझी नव्हती, बहिणीच्या खासगी पत्रातली होती, त्यानं एक कारखाना आधीच बंद पडला. यांना वाटलं, साहेब ओरडतील. साहेब म्हणाले, "सोर्स फारच चांगला आहे. पुढं काय होणार म्हणते ती?" ते ऐकून हे घरी आले आणि सोफ्यावर बसून राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर यांनी पत्रक लिहायला नकार दिला. तेव्हापासून यांना डेपोत बसवलं आहे. परत आलेले रिकामे कंटेनर मोजतात. सध्या ते काम भरपूर आहे. इथल्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर गेलं तर काम नसलेली जहाजं क्षितिजापर्यंत उभी दिसतात. चीनमध्ये दोन कोटी माणसं काम सुटून गावी गेली, असं परवाच्या बातमीत होतं. हे टीव्ही बंद करून उठले.

तुम्हाला पाच पत्रं लिहून फाडली. परवा मैत्रेयी वैतागून म्हणाली, "पा, लेटर सो स्लो. जस्ट गो अँड से सॉरी, ला!" आणि यांनी खरोखरच तिकीट काढलं. एकवीस तारखेला पोचतील. यांनी क्वेकसाहेबांच्या सेक्रेटरीला पकडून एक चिनी वाक्य पाठ करायला घेतलंय. आंघोळ करताना म्हणतात. शेजारी चिनी आहेत, ते अलीकडे आमच्याकडे काळजीनं बघतात.

मी कळवल्याचं यांना ठाऊक नाही. भेटावंसं वाटलं तर भेटा. नाही वाटलं तर दारातून परत पाठवा, मी काही म्हणणार नाही. फक्त, बाहेरचं पाणी पिऊ देऊ नका.

आपली,
नीलिमा

चोआ चू कांग
२ मार्च २००९

प्रिय विनीताताई,

तू तिथंच होतीस, तरी लिहितो, कारण मला काय दिसलं ते तुला ठाऊक नाही.

बसस्टँडवर तू उभी होतीस. मी कुणाला कळवलं नव्हतं, म्हणून आधी मला वाटलं की हा निव्वळ योगायोग आहे. मला योगायोगाचा अंदाजही बरोबर करता येत नाही. तू म्हणालीस, "बाटलीतलंच पाणी पी," आणि मला सगळं कळलं.

कारखान्यावरून नेलंस. पांढऱ्या पट्ट्या, फाटकाला गंज, आत ताज्या रंगाच्या भिंती. इतका स्वच्छ, नीटनेटका बंद कारखाना. झाडांच्या बुंध्यांना चुना होता. तो चुना मी सिंगापुरात बसून इंग्रजीत छापला होता.

लिआंग मेहुणीच्या केस कापायच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. मी मनात एक जाडजूड, दुखावलेला शेठ उभा केला होता. दार उघडलं एका बारीक माणसानं, अंगात विणलेला स्वेटर, हातात कोबी. मी ताठ उभा राहिलो आणि तीन आठवडे घोकलेलं चिनी वाक्य म्हटलं. त्यानं तुझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. तू मला मराठीत सांगितलंस, "विचारतोय, हे कुठली भाषा बोलतात?"

मग मी तुझ्याकडे बघून मराठीत सगळं सांगितलं. किती बोललो मला आठवत नाही, दहा मिनिटं तरी. पत्र कसं उचललं, सूप कसं सांडलं, सगळं. मध्ये रडू आलं, ते मी खोकला म्हणून खपवलं. मला वाटलं, आता तूही दहा मिनिटं बोलशील. तू चार वाक्यं बोललीस. खाली मान घालून, अगदी हळू.

त्यानं हातातला कोबी खाली ठेवला. मग लांबलचक बोलला. मध्येच हसला, मध्येच तू काहीतरी विचारलंस तेव्हा थांबला, एकदा खिडकीकडे बघून बोलला. मी तुला विचारलं, "काय म्हणतोय?" तू म्हणालीस, "चहा घ्या म्हणतोय."

ताई, चहा घ्या म्हणायला एवढा वेळ लागत नाही. मला चिनी येत नाही, पण इतका मूर्ख मी नाही. म्हणजे आहे, पण इतका नाही. परत येताना तू माझ्या हातात संत्र्यांची पिशवी दिलीस आणि बसमध्ये बसवलंस, म्हणून विचारायचं राहिलं.

तू त्याला काय सांगितलंस? आणि तो काय म्हणाला?

तुझा,
प्रबोध

डोंगग्वान
१५ मार्च २००९

प्रिय प्रबोध,

मी तुझी माफी त्याला सांगितलीच नाही. मी माझी सांगितली.

मी म्हटलं, "हा माझ्या मावशीचा मुलगा. तो कागद यानं लिहिला. पण त्यातलं सगळं पाहिलेलं माझं आहे, मी याला पत्रातून कळवलं. तुमच्या घरातली गोष्ट बाहेर नेली ती मी."

हे मी त्याला आठ डिसेंबरलाच सांगायला हवं होतं. त्याच्यासमोर उभी राहून मी तो कागद वाचला, माझीच वाक्यं त्याला ऐकवली, आणि वाचून झाल्यावर म्हटलं, "कुणी लिहिलंय कोण जाणे." हेच शब्द, प्रबोध. त्यानंतर बारा दिवस मी त्याच्या खानावळीत जेवले. वीस तारखेला त्यानं माझी ट्रंक रिक्षेत चढवायला मदत केली, तेव्हाही गप्प राहिले. मग तुला ते पत्र लिहिलं. किती कडक लिहिलं होतं! लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि मला फार बरं वाटलं. दोन महिने तुझ्यावर रागावून राहणं सोयीचं होतं. त्यात माझ्याकडे बघावं लागत नव्हतं. तू दारात येऊन उभा राहिलास आणि ती सोय गेली. लोकांच्या मालातले दोष शोधायचा पगार घेते मी, आणि माझा एवढा दोष मला सापडायला तुला विमानानं यावं लागलं.

तू निघालास तेव्हाच सांगता आलं असतं. पण बसस्टँडवर धाकट्या भावासमोर रडायचं नव्हतं. संत्री त्यासाठी होती, हातात काहीतरी असावं म्हणून.

आता तो काय म्हणाला ते.

तो म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं. वाचता वाचता तुमचा आवाज बदलला. पोती मोजत खिडकीत कोण उभं असायचं, ते मला ठाऊक नव्हतं का?" मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?" तर म्हणाला, "बोललो असतो तर तुम्हाला त्या दिवशी जागा सोडावी लागली असती. खोल्या तेव्हा महाग होत्या."

मग म्हणाला, "जर्मनीवाला जानेवारीत नाहीच म्हणाला. कारखाना वाचणार नव्हताच. पण तो एक महिना मला हवा होता. फाटकावर उभं राहायचं होतं. ते राहिलं, ते राहिलंच. त्याला माफी वगैरे काही नाही." हे तो खिडकीकडे बघून बोलला. तुला खोटं बरं वाटू नये म्हणून लिहिते आहे.

तू आता काय काम करतोस ते त्यानं विचारलं, मी सांगितलं. हसला ते यानंतर. म्हणाला, "अमेरिकेतला दुकानदार आला नाही. बँकवाले परत फिरकले नाहीत. हाँगकाँगचा माझा भागीदार फोन उचलत नाही. अख्ख्या जगाचं दिवाळं निघालं आणि माफी मागायला आलं कोण, तर एक माल तपासणारी आणि एक रिकामे कंटेनर मोजणारा."

शिआओमेईचा फोन आला होता. तिच्या जिल्ह्यात कपडे धुण्याच्या यंत्रांचा कारखाना पुन्हा सुरू झालाय. सरकार आता खेड्यांतल्या लोकांना घरगुती यंत्रं घ्यायला मदत देतं, त्यामुळे माल बाहेर न जाता तिथंच खपतो. तिनं तिथं लिआंगचं नाव सुचवलं आणि त्यानं माझं. तो उत्पादन बघणार, दुसऱ्याच्या हाताखाली. मी तपासणार. आम्ही दोघांनी एका खोलीत बसून, फोनवर शिआओमेईला घेऊन मुलाखतीची तयारी केली, ती बघायला तू हवा होतास. लिआंगला गेल्या वीस वर्षांत कुणी प्रश्न विचारलेला नाही, त्यामुळे तो प्रत्येक उत्तराआधी रागावतो. आम्ही उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. तिथं माझ्या चिनीला कुणी हसणार नाही, सगळेच तसं बोलतात.

तुझं ते पाठ केलेलं वाक्य मात्र त्यानं तू गेल्यावर मला दोनदा म्हणून दाखवलं, अगदी तुझ्यासारखं. सुरुवातीचं त्याला काहीच उमगलं नाही. शेवटचे दोन शब्द कळले होते. 'लाज वाटते.' काहीच कळलं नाही असं दाखवून भाषेचं त्यानं विचारलं, ते तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

आणि एवढं लांबलचक बोलून झाल्यावर तो खरोखरच चहा घ्या म्हणाला. तेवढं मी तुला शब्दशः सांगितलं होतं.

तुझी,
विनीताताई